डोह, डुबकी आणि आंघोळ : शीतस्नानाच्या परिभाषेविषयी काही विचार

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, गाढवी नदीला बांध घालून जो जलाशय निर्माण करण्यात आला, त्याला इटियाडोह हे नाव आहे. बांध १९७० साली पुरा झाला. नावातला 'डोह' मात्र बांधाहून पुष्कळ जुना. धरणाने नदीचे रूप पालटले, शेकडो शेतांच्या धानाला पाणी दिले, पण नावाच्या पोटात ती जुनी नदी तशीच राहिली. कारण डोह म्हणजे तलाव नव्हे आणि धरणही नव्हे. वाहत्या नदीच्या पात्रात जेथे पाणी एकाएकी खोल होते, संथ दिसते आणि तळ लागत नाही, त्या जागेला मराठी माणूस डोह म्हणतो. नदीकाठच्या खेड्यात हा शब्द उच्चारला की त्याबरोबर एक सूचनाही येते : येथे जपून उतरावे.

शब्दाच्या अर्थात दडलेली अशी सूचना ही भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. परंतु अलीकडे पाण्यात उतरण्याचा एक नवा प्रकार आपल्या शहरांत आला आहे आणि त्याबरोबर आलेल्या शब्दाच्या पोटात अशी कोणतीच सूचना नाही. आरोग्यासाठी, उत्साहासाठी, मनाची मरगळ जावी म्हणून घरच्या घरी एका मोठ्या टबात बर्फाने गार केलेले पाणी भरावे आणि त्यात काही मिनिटे गळ्यापर्यंत बसावे, असा हा प्रकार होय. त्याला 'कोल्ड प्लंज' असे म्हणतात; मराठीत बोलताना कोणी 'गार पाण्याची डुबकी' म्हणतो, कोणी 'बर्फस्नान', तर कोणी सरळ 'थंड पाण्याची आंघोळ'. मग त्याला जोडूनच असे सांगितले जाते की, यात नवीन ते काय, आपले पूर्वज पहाटे नदीवर हेच करीत होते. हे तिन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत आणि पूर्वज 'हेच' करीत नव्हते, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर शब्दांचा दिसतो. पण या ठिकाणी शब्द चुकला तर माणसाच्या जिवाशी गाठ पडू शकते.

प्रथम 'डोह' या शब्दाकडे वळू. संस्कृत 'ह्रद' या शब्दातील व्यंजनांची अदलाबदल होऊन पालीत 'रहद' आणि 'दह' अशी दोन रूपे आढळतात. कृष्णकथेतील कालियाचा डोह हिंदीत 'कालियादह' होतो, तो याच 'दह'मुळे. इटियाडोहापासून पूर्वेला फार दूर नसलेल्या छत्तीसगढीत नदीतील खोल जागेला 'दहरा' म्हणतात. मराठी 'डोह' याच कुळात बसविण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. आद्य 'द'चा मूर्धन्य होणे मराठीला अपरिचित नाही, 'ओ'काराचे मात्र वेगळे समर्थन करावे लागते. व्युत्पत्ती कशीही लावली तरी अर्थाची एकतानता लक्षात घेण्याजोगी आहे. या सर्व भाषांत शब्द पाण्याच्या खोलीला धरून आहे, त्याच्या थंडपणाला नव्हे.

झाडीपट्टीत पाण्याला नावांची वाण नाही. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले मोठे तलाव, शेताच्या वरच्या अंगाला असलेली लहानशी बोडी, ओढा-नाला, नदी आणि नदीतला डोह. इटियाडोहाच्या शेजारीच नवेगाव-बांधाचा प्रख्यात तलाव आहे. येथील माणसाचे पाण्याशी नाते रोजचे आहे. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, म्हणून पाण्याचे 'पानी' होते. आणि विदर्भात सर्वत्र आंघोळीला 'आंग धुणे' असा साधा, सरळ प्रयोग रूढ आहे. या प्रयोगात कर्म कोणते आहे ते पाहावे. धुवायचे आहे ते अंग. पाणी हे साधन. थंड किंवा ऊन असण्याशी या क्रियेला कर्तव्य नाही.

आता आंघोळ आणि बुडी यांतला भेद. मराठी वाक्यरचनेत तो फार स्वच्छ दिसतो. आंघोळ करणारा माणूस पाणी 'अंगावर घेतो'. बुडी मारणारा माणूस 'पाण्यात शिरतो'. पहिल्यात पाणी माणसाकडे येते, दुसऱ्यात माणूस पाण्याकडे जातो. पहिल्यात 'वर' हे शब्दयोगी अव्यय, दुसऱ्यात सप्तमीचा 'त'. बादलीतून तांब्याने घेतलेले पाणी त्वचेवरून ओघळून जाते, क्षणभर स्पर्श करते आणि मोरीत निघून जाते. दोन तांब्यांच्या मध्ये त्वचेला उसंत मिळते. किती घ्यावे, कोठे घ्यावे, केव्हा थांबावे, हे सर्व घेणाऱ्याच्या हातात असते. पाण्यात शिरलेल्या माणसाच्या हातात यातले फारसे काही उरत नाही.

याहून सूक्ष्म भेदही भाषेने केले आहेत. 'न्हाणे' हे क्रियापद संस्कृत 'स्ना'पासून प्राकृत 'ण्हा'च्या वाटेने आले. परंतु आजच्या मराठीत न्हाणे म्हणजे डोक्यावरून न्हाणे. नुसत्या आंघोळीत डोके कोरडे राहू शकते. म्हणून तर 'डोक्यावरून आंघोळ' असे वेगळे सांगावे लागते. वस्त्रांसह केलेले ते सचैल स्नान. कसेबसे दोन थेंब उडवून उरकलेले ते काकस्नान. पाण्यात जाण्याच्याही परी आहेत. हात पुढे करून डोक्याकडून झेप घेतली तर सूर. अंग मुडपून उडी टाकली तर मुटका. डोके क्षणभर पाण्याखाली नेऊन वर काढले तर बुडी किंवा डुबकी. आणि म्हशीप्रमाणे स्वस्थपणे, वेळेचे भान न ठेवता पाण्यात राहिले तर ते डुंबणे. बुडीत डोके पाण्याखाली जाते आणि वेळ क्षणाचा असतो. डुंबण्यात डोके वर राहते आणि वेळ लांबतो. कोल्ड प्लंजमध्ये डोके वर असते, वेळ मिनिटांचा असतो आणि माणूस बसलेला असतो. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तो डुंबण्याच्या जवळचा, डुबकीच्या नव्हे. 'डुबकी' हा अनुवाद करणाऱ्याने इंग्रजी शब्दातील झेप तेवढी पाहिली. क्रिया पाहिली नाही.

आपल्या वैद्यकाने तर हा भेद पारिभाषिक पातळीवर नेलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'परिषेक' आणि 'अवगाहन' हे दोन वेगळे मोजले आहेत. परिषेक म्हणजे अंगावर धार धरणे, अवगाहन म्हणजे द्रवाने भरलेल्या पात्रात बसणे. दोन्हींमध्ये द्रव उष्ण आहे, कारण विषयच घाम आणण्याचा आहे. द्रव तोच, उष्णता तीच, रोगीही कदाचित तोच. तरी ओतणे आणि बसणे यांना ग्रंथकाराने एक मानले नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात आणखी एक मर्यादा घातली : गळ्याखालच्या अंगाला ऊन पाणी बल देते, डोक्याला मात्र तेच केस आणि डोळे यांचे बल हरण करते. आणि कोणी स्नान करू नये याची त्याने जी यादी दिली, तीत अर्दित म्हणजे तोंड वाकडे होण्याचा विकार, डोळे, मुख व कान यांचे रोग, अतिसार, पोटफुगी, पडसे, अजीर्ण आणि नुकतेच जेवण झालेला माणूस हे सारे येतात. शीतस्नानाची परंपरा सांगणाऱ्यांनी ही यादी सहसा सांगितलेली आढळत नाही.

परंपरेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडील पहाटेच्या स्नानांचा थोडा अधिक विचार करावा लागेल. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नान, पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत माघस्नान. पहाटेच्या काळोखात नदीवर, तलावावर किंवा विहिरीवर जाऊन केलेले हे स्नान थंडीचे खरे. पण थंडी कशाची, पाण्याची की हवेची? विदर्भात विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे कोमट लागते, हा अनुभव ज्याला नाही असा खेडूत विरळा. त्याचे कारण सोपे आहे. जमिनीच्या पोटातील पाण्याचे उष्णतामान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी उष्णतामानाच्या आसपास राहते. गोंदियाकडे ते पंचवीस अंश सेल्सिअसच्या थोडे पुढेच असणार. हिवाळ्यात तेथील पहाटेची हवा दहा अंशांखाली उतरते. तेव्हा विहिरीचे पाणी अंगावर घेताना ऊब वाटते आणि बाहेर येताच ओल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरते. हुडहुडी पाण्याने दिलेली नसते. अंगावरच्या पाण्याचे बाष्प होताना जी उष्णता खेचली जाते तिने ती दिलेली असते. उथळ बोडी रात्रीत लवकर निवते. इटियाडोहासारखा विस्तीर्ण व खोल जलसंचय मात्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. उन्हाळ्यात अशा पाण्याचा वरचा थर तापलेला आणि खालचा गार असतो. वैशाखात वरून कोमट लागलेल्या पाण्यात सूर मारणाऱ्याला खाली अकस्मात गारवा भेटतो तो यामुळे. डोहाविषयी गावोगाव जी भीती असते, तिच्या मुळाशी खोली आणि भोवरे आहेतच. हा गारठ्याचा थरही तिच्या कारणांत धरावयास हरकत नाही.

सारांश, पूर्वजांचे पहाटेचे स्नान म्हणजे वीस-पंचवीस अंशांच्या पाण्याशी थोडा वेळ आलेला संबंध होय. युरोपातील गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यात उतरण्याशी त्याचे नाते जोडणे म्हणजे दोन भाषांतील समध्वनी शब्द पाहून त्यांना सगोत्र ठरविण्यासारखे आहे. आणि मराठी घरातील वर्षाचे सर्वांत मोठे पहाटेचे स्नान कोणते? नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान. ते तेल लावून, उटणे चोळून, कढत पाण्याने करावयाचे असते. (काकडआरती आणि थंडीने काकडणे यांचीही अशीच गल्लत होते. काकडा म्हणजे वात. आरतीचे नाव तिच्यावरून आले, पहाटेच्या थंडीवरून नव्हे. पण कार्तिकात देवळात उभा असलेला माणूस दोन्ही शब्द एकच समजला तर त्याला दोष कोण देईल?)

थंडीच्या शब्दांविषयी येथेच दोन गोष्टी नोंदविणे इष्ट. 'हिवाळा' आणि 'हिवताप' यांतले 'हिव' हे संस्कृत 'हिमा'चे अपत्य. 'गार' या विशेषणाशेजारीच आकाशातून पडणारी 'गार' उभी आहे. परंतु सर्वांत अर्थपूर्ण इतिहास 'थंड' या शब्दाचा. हिंदी 'ठंडा' व त्याचे भाऊबंद यांचे मूळ संस्कृत 'स्तब्ध' या शब्दात दाखविले जाते. स्तब्ध म्हणजे ताठरलेला, हालचाल थांबलेला. गोठून ताठ होणे या अनुभवावरून 'शीत' हा अर्थ निघाला. थंड पाण्यात काही मिनिटे राहिलेल्या माणसाची बोटे मिटत नाहीत, हात ओढला जात नाही, हे शरीरशास्त्र आज सांगते. शब्दाने ते आधीच सांगून ठेवले होते. मराठीत शिरशिरी, काटा, हुडहुडी, कुडकुडणे, काकडणे, बधिर होणे, दातखिळी बसणे अशी जी शब्दांची रांग आहे, तीही केवळ समानार्थी शब्दांची रास नव्हे. शिरशिरी त्वचेची आहे, कुडकुडणे स्नायूंचे आहे आणि दातखिळी बसल्यावर बोलणेच बंद होते.

पाण्याने रोग बरा करण्याची आधुनिक पद्धती आपल्याकडे आली ती युरोपातून, आणि ती आली तेव्हा भाषेची शिस्त बरीचशी पाळली गेली हे सांगितले पाहिजे. ग्रेफेनबर्गचा व्हिन्सेंट्स प्रीस्निट्स (१७९९–१८५१), बव्हेरियातील धर्मोपदेशक सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७), लाइप्त्सिगचा लुई कूने (१८३५–१९०१) अशी ही परंपरा. कूनेच्या उपचारांचा गांधीजींवर खोल परिणाम झाला. १९०२ साली मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, तेव्हा त्यांनी त्याला कूनेच्या पद्धतीने टबात बसविले. आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे आणि त्यात एका वेळी तीन मिनिटांहून अधिक टबात ठेवले नाही, असे आवर्जून नमूद केले आहे. ताप एकशेचार अंशांपर्यंत जात होता, तेव्हा बापाच्या मनाची काय अवस्था झाली तेही लपविलेले नाही. आज कोणी विषमज्वरावर असा उपचार करू नये, हे सांगण्याची आवश्यकता नाही. लक्षात घ्यावयाची ती वेळेची काटेकोर मर्यादा.

पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत गांधीजींनी आरोग्याविषयी जे छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले, त्यात पाण्यावरील प्रकरणात कूनेचे हे स्नान येते. १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळीकांचनला आले, काही दिवस राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई आणि बाळकोबा भावे यांनी तो चालविला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र त्याआधीपासून होतेच. त्याच वास्तूत १९८६ साली राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. या मंडळींनी मराठीत जो शब्द रूढ केला तो 'कटिस्नान'. हा शब्द किती नेमका आहे! पाणी कोठपर्यंत, तर कटीपर्यंत. पाय टबाबाहेर, छाती कोरडी, डोके कोरडे, हाताने पोट चोळीत राहावयाचे. शब्द उच्चारताच मर्यादा कळते. त्याचे सोबती 'घर्षणस्नान', 'पादस्नान', 'ओल्या चादरीची लपेट' हेही तसेच. उपचाराच्या गुणावगुणाविषयी मतभेद असू शकेल, परिभाषेविषयी नाही.

कोल्ड प्लंजच्या पुरस्कर्त्यांकडे अशी परिभाषा नाही आणि तिच्या अभावी संशोधनाचाही अर्थ विपरीत लावला जातो. तीन उदाहरणे पुरेत. प्रागमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ अंश पाण्यात बसलेल्या तरुणांच्या रक्तातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ५३० टक्क्यांनी आणि डोपामिन २५० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हे आकडे आज सर्वत्र उद्धृत होतात आणि दोन मिनिटांच्या डुबकीने असा उत्साह येतो असे सांगितले जाते. मूळ प्रयोगात माणसे एक तास पाण्यात होती. दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३०१८ लोकांपैकी काहींनी महिनाभर रोजच्या ऊन आंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाण्याचा फवारा घेतला. आजारपणामुळे कामावर न जाण्याचे प्रमाण त्यांच्यात २९ टक्क्यांनी घटले. आजारी असल्याचे दिवस मात्र घटले नाहीत. म्हणजे आजार तितकाच, पण माणसे कामावर गेली. तीस सेकंदांत आणि नव्वद सेकंदांत फरकही पडला नाही. हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो चरकाच्या भाषेत परिषेकाचा निष्कर्ष आहे, अवगाहनाचा नव्हे. तिसरे उदाहरण या दोहोंहून बोलके. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ११ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील सहभागी लोकांची संख्या ३१७७. परीक्षणाच्या शीर्षकात शब्द आहे तो थंड पाण्यातील निमज्जनाचा. परंतु या ३१७७ पैकी ३०१८ जण वरील एकाच डच प्रयोगातले, म्हणजे फवाऱ्याखाली उभे राहिलेले. प्रत्यक्ष पाण्यात उतरलेले लोक दोनशेसुद्धा भरत नाहीत. मानसिक ताण बारा तासांनी कमी झालेला आढळला, लगेच नव्हे; दाहाची लक्षणे स्नानानंतर लगोलग उलट वाढली. एका शब्दाखाली दोन क्रिया घातल्या की हजारांची संख्या कशी उभी राहते आणि तिचा आधार कोणाला मिळतो, याचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गातही सांगण्याजोगे आहे.

व्यायामानंतर स्नायूंचे दुखणे थंड पाण्याने कमी वाटते, हे खरे. परंतु वजने उचलून स्नायू वाढविणाऱ्याने प्रत्येक व्यायामानंतर गार पाण्यात बसणे त्याच्याच हेतूला मारक ठरते, असे २०१५ च्या एका अभ्यासावरून दिसते.

आता मुख्य धोका. शरीर एकदम थंड पाण्यात गेले की पहिल्या अर्ध्या मिनिटात एक प्रतिक्षिप्त क्रिया घडते : माणूस एकदम मोठा श्वास ओढतो, श्वासांची गती अनावर होते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. पंचवीस अंशांच्या खाली ही क्रिया सुरू होते आणि दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान तिचा जोर सर्वाधिक असतो. दोन-तीन मिनिटांत ती ओसरते. ज्या क्षणी हा श्वास ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. पोहण्यात पटाईत माणसे थंड पाण्यात पडताच बुडतात ती पुष्कळदा यामुळे, गारठून नव्हे. शरीर गारठण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दुसरी प्रतिक्षिप्त क्रिया चेहऱ्याची आहे. चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला गेला की हृदयाची गती मंदावते. एक क्रिया हृदयाला पळा म्हणते, दुसरी थांबा म्हणते. दोन्ही एकाच वेळी घडल्यास हृदयाचा ठेका बिघडू शकतो, असे शॅटॉक व टिप्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडले. 'डुबकी' या शब्दाविषयीचा आक्षेप येथे नुसता कोशकाराचा राहत नाही. ज्याला डुबकी मारावयास सांगितले, तो डोके पाण्याखाली नेणारच. मराठीत डुबकीचा अर्थच तो आहे. डोके वर ठेवून सावकाश बसावयाच्या क्रियेला हे नाव देणे म्हणजे नेमकी टाळावयाची गोष्ट करण्याची आज्ञा देणे होय.

सवयीने पहिल्या प्रतिक्षिप्त क्रियेचा जोर कमी होतो, पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ उतरल्याने तो निम्म्यावर येतो, हेही सिद्ध झाले आहे. म्हणून ज्याला हे करावयाचेच असेल त्याने पायांपासून, हळूहळू, वीस-बावीस अंशांच्या पाण्यापासून आरंभ करणे योग्य. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार किंवा थंडीने बोटे पांढरी पडण्याचा विकार असलेल्यांनी, तसेच गर्भवतींनी, वैद्याच्या सल्ल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये. एकट्याने करू नये. घरात निदान एक माणूस हाकेच्या अंतरावर असावा. पोहण्याच्या तलावावरील शिक्षकाला जे सांगावे लागत नाही ते घरच्या टबाच्या बाबतीत सांगावे लागते, कारण न्हाणीघराचे दार आतून बंद करण्याची आपली रीत आहे.

व्यवहाराची आणखी एक बाजू आहे. नळाचे पाणी आपल्याकडे युरोपातल्याप्रमाणे आठ-दहा अंशांचे येत नाही. पंचवीस अंशांचे दोनशे लिटर पाणी पंधरा अंशांवर आणावयाचे म्हणजे दोन हजार किलोकॅलरी उष्णता काढून घेणे. एक किलो बर्फ वितळून पंधरा अंशांपर्यंत तापताना सुमारे पंच्याण्णव किलोकॅलरी शोषतो. म्हणजे एका बैठकीस सुमारे एकवीस किलो बर्फ लागेल; उन्हाळ्यात पाणी तीस अंशांचे असले तर बत्तीस किलो. कारखान्यातील लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही, तेव्हा ते पाणी तोंडात जाऊ देऊ नये. माठातल्या किंवा रांजणातल्या पाण्याचा दोन तांब्यांचा शेवट यापेक्षा स्वस्त पडतो; आणि डच प्रयोगाने जे काही सिद्ध केले आहे, ते या दोन तांब्यांच्या अधिक जवळचे आहे.

इटियाडोहाजवळ, गोठणगावाला, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे. जगातील सर्वांत उंच पठारावरून आलेल्या या लोकांच्या वैद्यकात स्नानाला मानाचे स्थान आहे; 'लुम' नावाच्या या औषधी स्नानाची नोंद २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्यात वनस्पतींचा काढा असतो, उष्ण झऱ्यांचे पाणी असते. थंडीच्या देशातील लोकांनी ऊन पाणी औषध मानले आणि उष्ण प्रदेशातील शहरी माणूस बर्फ विकत घेतो, ही गंमत येथे नुसती नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.

राहता राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. 'बर्फस्नान' चालणार नाही, कारण स्नानात शुद्धीचा अर्थ आहे आणि बर्फाने कोणी अंग धूत नाही. शिवाय पंधरा अंशांच्या पाण्यात बर्फ उरलेलाही नसतो. 'शीतनिमज्जन' हा शब्द व्याकरणशुद्ध आहे, परंतु निमज्जनात संपूर्ण बुडणे येते आणि तोच दोष 'डुबकी'चा. 'शीतावगाहन' शास्त्रीय लेखनापुरता स्वीकारावा. चरकाच्या संज्ञेला 'शीत' हे विशेषण लावल्याने मूळ संज्ञेतील पात्रात बसण्याचा अर्थ टिकतो आणि फरकही स्पष्ट होतो. बोलण्यात मात्र 'गार पाण्यात बसणे' यापरता चांगला प्रयोग सुचत नाही. त्यात किती वेळ बसलात, कोठपर्यंत बसलात, पाणी किती गार होते, असे पुढचे प्रश्न आपोआप विचारले जातात. आणि कोणी ऐकले की, अमुक गृहस्थ गार पाण्यात बसले आहेत, तर ऐकणारा निदान एकदा दार वाजवून पाहील.